सायकलचा मीटर म्हणून मोबाइल : सोलापूरच्या उन्हात काय टिकते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विजापूर रोड, होटगी रोड आणि पुणे महामार्गाच्या सेवा रस्त्यांवर पहाटे साडेपाचपासून सायकली दिसू लागल्या आहेत. त्यांतल्या कितीतरी हँडलांवर मोबाइल अडकवलेला असतो. वेग, अंतर, चढ, नकाशा हे सगळे मोबाइलच दाखवत असेल तर वेगळा सायकल कॉम्प्युटर कशाला घ्यायचा, असे नवे सायकलस्वार विचारतात, आणि त्यांचे बरोबर आहे. नोंद ठेवण्यात आजचा साधा मोबाइल महागड्या यंत्राच्या जवळपास पोहोचतो. तो कमी पडतो ते चालत्या सायकलवर, उघड्या उन्हात सतत स्क्रीन दाखवताना. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, रोजच्या ओळखीच्या रस्त्यावर मोबाइल स्क्रीन बंद करून खिशात ठेवावा, वेग पाहायचाच असेल तर चार-पाचशे रुपयांपासून मिळणारा वायरचा मीटर लावावा, आणि हँडलवर मोबाइल फक्त अनोळखी वाटेवर चढवावा. यामागची कारणे आणि नेमकी कृती आपल्या वाचकांपुढे यावी, यासाठी हे पत्र.

आधी ऊन. मोबाइलची स्क्रीन स्वतःच्या उजेडावर चालते. बाहेर ऊन वाढले की ती वाचता यावी म्हणून फोन उजेड वाढवतो, उजेड वाढला की बॅटरी वेगाने उतरते आणि फोन आतूनही तापतो. खास सायकलसाठी बनवलेल्या यंत्रांची स्क्रीन वेगळ्या जातीची असते. तिच्यावर पडलेले ऊनच ती परत फेकते, त्यामुळे ऊन जितके कडक तितकी ती स्पष्ट दिसते आणि तिला वीज जवळजवळ लागत नाही. लहानशा बॅटरीवर ही यंत्रे दिवसभर चालतात ती मुख्यतः यामुळे. मोबाइलकडून ते काम करून घेणे म्हणजे त्याच्या सर्वांत कमकुवत बाजूला जुंपणे होय.

ॲपल आपल्या फोनसाठी वापराचे तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस सांगते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर जातो, हे वाचकांना सांगायला नको. हे तापमान सावलीतले असते; उन्हात धरलेला काळ्या पाठीचा फोन त्याहून बराच गरम होतो. मग फोन स्वतःला वाचवू लागतो : आधी स्क्रीन मंद होते, नंतर चार्जिंग थांबते, शेवटी तापमानाची सूचना दाखवून तो बंद पडतो आणि चालू असलेली नोंद अर्धवट राहते. अशा वेळी कव्हर काढून फोन सावलीत ठेवावा, चार्जरची वायर काढावी. गार पाण्याच्या बाटलीला टेकवू नये, घरी आल्यावर फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवू नये. आत बाष्प साचून पाणी होते. हँडलवर किंवा फ्रेमच्या वरच्या नळीवर लावायच्या पारदर्शक खिडकीच्या पिशव्या बाजारात खूप खपतात. पावसाळ्यात त्यांचा थोडा उपयोग आहे, उन्हाळ्यात त्या टाळाव्यात. बंद प्लास्टिकखाली हवा खेळत नाही आणि फोन उघड्यावर असता तर जितका तापला असता त्याहून लवकर तापतो.

सायकल जर्सीच्या पाठीमागच्या खिशात फोनवर कापडाची सावली असते, आणि उपग्रहांचे संकेत कापडातून विनासायास पोहोचतात. घामाचे पाणी चार्जिंगच्या भोकात जाऊ नये म्हणून फोन झिपच्या पातळ पिशवीत घालावा आणि त्याच खिशात किल्ल्या, टायर लिव्हर (टायर काढायची पट्टी) असे काही कडक ठेवू नये. पडल्यावर पाठीला तेच लागते. जर्सी नसेल तर वरच्या नळीच्या खाली अडकवायची तिकोनी पिशवी बरी. ती नळीच्या आणि पायांच्या सावलीत राहते.

खिशातून नोंद नीट व्हायची तर फोनच्या काही सेटिंग्ज एकदा बसून लावाव्या लागतात. नव्वद टक्के तक्रारी इथूनच निघतात म्हटले तरी चालेल. अँड्रॉइड फोन वीज वाचवण्यासाठी स्क्रीन बंद झाली की मागे चालणारी ॲप्स झोपवतो. सेटिंग्जमध्ये ॲप्स, तिथे आपले सायकलचे ॲप, मग बॅटरी, आणि तिथे ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडावे. त्याच ॲपच्या परवानग्यांत लोकेशन उघडून ‘प्रिसाइज लोकेशन’ चालू आहे याची खात्री करावी; ते बंद असेल तर फोन ॲपला जागा मुद्दाम ढोबळ सांगतो. काही फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ नावाची वेगळी कळ असते, तीही चालू करावी. बॅटरी सेव्हर राइडच्या वेळी बंदच हवा, कारण अनेक फोनमध्ये तो स्क्रीन बंद होताच लोकेशनही थांबवतो. एवढे झाल्यावर घराभोवती दहा मिनिटांची चक्कर मारून नकाशावरची रेघ तपासावी, आणि मगच लांब पल्ल्याला निघावे.

रेघ पाहून बिघाड ओळखता येतो. रस्ता वळलेला असताना रेघ शेतातून सरळ गेली असेल तर त्या टप्प्यात फोनने ॲप झोपवले होते; वरची बॅटरीची सेटिंग पाहावी. रेघ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नागमोडी हलत असेल तर संकेत भिंतींवर आपटून येत आहेत. जुन्या पेठांतल्या अरुंद गल्ल्यांत हे होणारच, नान्नजच्या माळावर होता कामा नये. सुरुवातीचेच अर्धा-एक किलोमीटर गायब असतील तर आपण घाई केली. फोनला उपग्रहांची ताजी माहिती इंटरनेटवरून मिळते म्हणून एरवी जागा काही सेकंदांत सापडते. डेटा बंद असेल, किंवा फोन बरेच दिवस बंद राहिला असेल, तर तीच माहिती थेट उपग्रहाकडून उतरवून घ्यावी लागते आणि त्याला अर्धा मिनिट ते काही मिनिटे लागतात. त्यामुळे उघड्या आकाशाखाली उभे राहून जागा पक्की झाली असे ॲपने दाखवले की मगच सुरुवातीची कळ दाबावी, जिन्यात किंवा पार्किंगमध्ये नव्हे. थांब्यावर चहा पिताना अंतर हळूहळू वाढत असेल तर ‘ऑटो पॉज’ चालू करावे. उभ्या फोनचीही जागा काही मीटर इकडेतिकडे सरकत राहते आणि ॲप ते अंतर म्हणून मोजते.

जीपीएसला इंटरनेट लागत नाही, हे अजूनही अनेकांना ठाऊक नसते. इंटरनेट लागते ते नकाशाचे चित्र उतरवायला. ओएसएमअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्ससारख्या ॲपमध्ये नकाशा घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवला की पुढे सिम नसले तरी काम चालते. सोलापूरकरांनी यात एक गोष्ट लक्षात ठेवावी. हे नकाशे राज्यवार मिळतात. फक्त महाराष्ट्र उतरवून विजापूरकडे निघालात तर टाकळीजवळ भीमा ओलांडून धूळखेडला पोहोचताच नकाशा जवळजवळ कोरा होतो. अक्कलकोटच्या पुढे जाणाऱ्यांचेही तेच. म्हणून कर्नाटकाचा नकाशा सोबत उतरवावाच. गुगल मॅप्सचा दुचाकीचा पर्याय मोटरसायकलींसाठी आहे. त्याने दाखवलेली वेळ सायकलला लागू पडत नाही.

आता हँडलवर फोन लावण्याविषयी. अनोळखी आडवाट असेल, हत्तरसंग कुडलला मधल्या गावांतून जायचे असेल, तर फोन समोर हवाच. पण तेव्हाही स्क्रीन सतत चालू ठेवू नये. ॲपमध्ये ‘वळणापूर्वी स्क्रीन चालू करा’ असा पर्याय असेल तर तो निवडावा, नाहीतर आवाजातल्या सूचना चालू ठेवाव्यात आणि फोन स्पीकरवर ठेवावा. दोन्ही कानांत इअरफोन घालून महामार्गावर सायकल चालवू नये. मागून येणारा ट्रक आधी कानाला कळतो. आणि नजरेचा हिशेब करून पाहावा. ताशी २५ किलोमीटर वेगाने सायकल सेकंदाला सुमारे ७ मीटर जाते. आकडे वाचायला दोन सेकंद खाली पाहिले तर १४ मीटर रस्ता न पाहता कापला जातो. रंग उडालेला गतिरोधक किंवा कडेला सांडलेली खडी यांसाठी तेवढे पुरेसे आहे.

होल्डर हँडलच्या टोकाकडे नव्हे, मधोमध, शक्यतो स्टेमवर, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणाऱ्या आखूड दांड्यावर, बसवावा. तिथे हादरे कमी बसतात. पकडीखाली जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला की होल्डर फिरत नाही आणि हँडलचा रंगही जात नाही. चार कोपऱ्यांना रबर ओढणारे होल्डर हलके असतात, पण उन्हाने रबर वर्षभरात कडक होऊन तडकते, म्हणून दर महिन्याला ताणून पाहावे. दोन्ही बाजूंनी दाबणारा स्क्रूचा होल्डर असेल तर त्याचे दात फोनच्या कळांवर येत नाहीत ना, हे नक्की पाहावे. कळ दाबलेली राहिली तर स्क्रीन बंद-चालू होत राहते, आणि अनेक फोनमध्ये कळ सारखी किंवा बराच वेळ दाबली गेली की आपत्कालीन कॉल लागतो. चुंबकाचे होल्डर मोटारीत ठीक. सायकलवर चुंबकामुळे फोनमधले होकायंत्र बिघडते आणि थांबल्यावर नकाशा गोल फिरू लागतो. कोणताही होल्डर असो, फोनच्या कव्हरला दोरी बांधून ती हँडलला अडकवावी.

कॅमेऱ्याचाही विचार करावा. फोटो हलू नये म्हणून नव्या फोनमध्ये कॅमेऱ्याचे भिंग बारीक यंत्रणेवर तरंगते ठेवलेले असते. मोटरसायकलच्या इंजिनाच्या सततच्या कंपनाने ही यंत्रणा बिघडू शकते, असे ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीरपणे कळवले आणि लहान दुचाकींसाठीही कंपन शोषणारा होल्डर वापरायला सांगितले. सायकलला इंजिन नाही, त्यामुळे धोका कमी. तरीही रोज खडबडीत रस्त्यावर तास-दोन तास महागडा फोन हँडलवर आपटत ठेवण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

इथे घरातला जुना फोन फार उपयोगी पडतो. सिम काढून, इतर सगळी ॲप्स काढून टाकून, फक्त नकाशा आणि नोंदीचे ॲप ठेवले की तो सायकलचा कायमचा नकाशा होतो. चालूचा फोन तोवर खिशात सुरक्षित. मात्र जुन्या फोनची पाठ फुगली आहे का, स्क्रीन कडेने उचलली गेली आहे का, हे पाहावे. फुगलेली बॅटरी सोलापूरच्या उन्हात नेणे धोक्याचे आहे. आधी ती बदलून घ्यावी.

वेग पाहायला वायरचा मीटर पुरतो असे वर म्हटले, त्याची अचूकता दोन गोष्टींवर ठरते. पुढच्या चाकाच्या आऱ्यावरचा चुंबक आणि फोर्कवरचा (चाक धरणाऱ्या दांड्यावरचा) सेन्सर यांत ५ मिलिमीटरहून जास्त अंतर नसावे. चुंबक सैल होऊन आऱ्यावर फिरला की वेग अचानक शून्य दिसतो. दुसरी गोष्ट चाकाचा घेर. टायरवर ७००×२५ असेल तर घेर साधारण २१०५ मिलिमीटर, ७००×२८ ला २१३६, ७००×३५ ला २१६८, २७.५×२.१ ला २१४८. पण तक्त्यापेक्षा मोजलेला आकडा चांगला. टायरमध्ये नेहमीची हवा भरावी, व्हॉल्व्ह बरोबर खाली आणून जमिनीवर खडूने खूण करावी, सायकलवर बसून कोणाला तरी धरायला सांगावे आणि चाकाचे पूर्ण तीन फेरे सरळ पुढे जावे. पुन्हा खूण करून अंतर मोजावे आणि तीनने भागावे. बसूनच मोजायचे, कारण वजनाने टायर दबतो आणि घेर काही मिलिमीटर घटतो. २८ चा टायर घालून मीटरमध्ये २५ चाच आकडा राहिला तर दीड टक्का अंतर कमी दिसते, म्हणजे २०० किलोमीटरमागे ३ किलोमीटर. ब्रेव्हेच्या, म्हणजे ठरावीक मुदतीत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या, राइडमध्ये मार्गपत्रिकेवरचे वळण मीटरवर शोधणाऱ्याला हा फरक थेट चुकीच्या रस्त्यावर नेतो.

मोबाइललाच वेगाचा आणि पायडलच्या फेऱ्यांचा सेन्सर जोडता येतो. घेताना खोक्यावर ब्लूटूथ लिहिलेले आहे का पाहावे. केवळ अँट प्लस या दुसऱ्या बिनतारी पद्धतीवर चालणारा सेन्सर बहुतेक मोबाइलना दिसतच नाही. वेगाचा सेन्सर चाकाच्या हबवर (मधल्या भागावर) आणि फेऱ्यांचा डाव्या क्रँकच्या (पायडलच्या दांड्याच्या) आतल्या बाजूला बसतो. बसवल्यावर क्रँक हाताने उलटा फिरवून तो फ्रेमला घासत नाही हे पाहावे. हे सेन्सर फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमधून जोडायचे नसतात, ॲपच्या आतून जोडायचे असतात. इथेच बहुतेक जण अडतात आणि सेन्सर खराब म्हणून परत करतात. चाक किंवा क्रँक फिरवून सेन्सर जागा करावा लागतो. तरीही सापडला नाही तर तो आधीच एखाद्या घड्याळाला किंवा सोबत्याच्या फोनला जोडला गेला आहे का ते तपासावे; बरेच सेन्सर एका वेळी एकाशीच बोलतात. आत सीआर २०३२ चा गोल सेल असतो, एक जादा सेल पंक्चरच्या सामानात ठेवावा.

आमच्या मते सोलापुरात वेगापेक्षा पायडलच्या फेऱ्या पाहणे जास्त कामाचे. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला की पुण्याच्या दिशेने जाताना तोच दम लावूनही वेग पार उतरतो आणि परतताना काही न करता वाढतो. मिनिटाला ८० ते ९० फेरे राहतील असा गिअर निवडला तर वारा कुठूनही असो, गुडघे वाचतात. कॅलरीच्या आकड्याकडे तर फार लक्ष देऊ नये. हृदयगतीचा पट्टा किंवा पायडलवरचा जोर मोजणारा पॉवर मीटर नसेल तर ॲप वजन, वेग आणि चढ यांवरून अंदाज बांधते. समोरचा वारा त्याला कळत नाही.

चढाच्या आकड्यांवरून तुळजापूर घाट करून आलेल्यांत नेहमी वाद होतात, म्हणून तेही सांगतो. जीपीएसने मिळणारी उंची आडव्या जागेइतकी अचूक नसते. शिवाय ती पृथ्वीच्या एका गणिती आकारापासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नव्हे. आपल्या भागात या दोन पातळ्यांत ६० मीटरांहून अधिक फरक आहे. ज्या ॲपमध्ये ही दुरुस्ती नाही, ते सोलापूरची सुमारे साडेचारशे मीटरची उंची बरीच कमी दाखवते. एकूण चढावर याचा परिणाम होत नाही, कारण फरक सगळीकडे जवळजवळ सारखाच राहतो. काही फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो आणि लहान चढउतार तो छान पकडतो. पण हवेचा दाब दिवसभरात स्वतःहूनही बदलतो. आपल्याकडे तो पहाटे चारच्या सुमारास कमी आणि सकाळी दहाच्या सुमारास जास्त असतो, फरक दोन-तीन मिलिबारचा. एका मिलिबारला आठ-नऊ मीटर उंची धरली तर पहाटे निघून दहाला घरी परतलेल्याचे घर वीसएक मीटर खाली गेलेले दिसते. फोन बिघडलेला नसतो.

लांब राइडला विजेचा हिशेब हवा. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तासांची मुदत असते. स्क्रीन बंद ठेवून नुसती नोंद करत चांगल्या बॅटरीचा फोन तेवढा वेळ काढू शकतो, नकाशा सतत चालू ठेवून नाही. पॉवर बँकवरचे १०,००० एमएएच ३.७ व्होल्टचे असतात, म्हणजे ३७ वॉट-तास. ५,००० एमएएचच्या फोनमध्ये सुमारे १९ वॉट-तास मावतात. रूपांतरातली घट वजा केली तर फोन दीड वेळा भरतो, दोन वेळा नाही. चार्जिंग थांब्यावर, सावलीत करावे. चालत्या सायकलवर लावायचेच असेल तर काटकोनात वळलेली आखूड वायर घ्यावी आणि तिचा एक वेढा होल्डरला बांधावा, नाहीतर हादऱ्यांनी फोनचे भोक सैल होते.

पावसात स्क्रीनवरचे थेंब बोटासारखे वागतात, नोंद थांबवतात, कधी पुसूनही टाकतात. निघताना नोंद सुरू करून स्क्रीन लॉक करावी एवढाच उपाय. ध्रुवित (पोलराइज्ड) काचेचा गॉगल घातला असेल आणि स्क्रीन काळी दिसली तर फोन आडवा करून पाहावा.

राइड सार्वजनिक करण्याआधी ॲपच्या गोपनीयतेत जाऊन सुरुवातीचा आणि शेवटचा भाग लपवावा. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हा या राइड नोंदवणाऱ्या ॲपच्या जागतिक नकाशावरून लष्करी तळांच्या जागा उघड झाल्या होत्या. महागडी सायकल कोणत्या दारात उभी असते हे कळायला तर एकच रेघ पुरते. घरच्यांना मात्र निघताना व्हॉट्सॲपवर थेट लोकेशन पाठवावे. त्यात १५ मिनिटे, १ तास आणि ८ तास असे पर्याय आहेत, आठ तासांचा निवडावा. लॉक स्क्रीनवर रक्तगट आणि घरचा नंबर दिसेल अशी वैद्यकीय माहिती भरून ठेवावी, म्हणजे ११२ ला फोन करणाऱ्या अनोळखी माणसाला फोन उघडावा लागत नाही.

शहरातल्या सायकल दुकानदारांना एक विनंती. मीटर विकताना तो दुकानातच बसवून, त्या सायकलचा घेर मोजून भरून द्यावा. पाच मिनिटांचे काम आहे. ते न झाल्याने कारखान्यातून आलेल्या आकड्यावरच लोक वर्षानुवर्षे सायकल चालवतात. आणि होल्डर मागायला आलेल्या ग्राहकाला आधी विचारावे, रस्ता ओळखीचा आहे की नवीन.

आपले,
सोलापुरातील काही नियमित सायकलस्वार